यादीतली पहिली नोंद

सुकापूर,
११ जानेवारी २०२६

ति. हरेशदादास,
किशोरीचा सा. न. वि. वि.

तुझं पाकीट काल मिळालं. फोन केला नाही, करणारही नाही. फोनवर माझं वाक्य पुरं व्हायच्या आत तू त्याचा शेवट करून टाकतोस, आणि तो दर वेळी तुझ्या सोयीचा असतो. माझी जीभ जड आहे, डोकं नाही. तेव्हा आता जे काही बोलायचं ते टपालाने बोलू.

आठवण करून देते. दिवाळीनंतर तू स्वतः इथे येऊन सांगून गेलास की गावच्या वाचनालयाचं नवं दालन सत्तावीस फेब्रुवारीला, मराठी भाषा दिनाला उघडायचं आहे. त्याच्या दाराशी लावायला वाचनाची यादी हवी होती. अपंगत्व, चळवळ आणि कला, तिन्ही एकत्र. तुझ्याशिवाय कोण करणार, असंही म्हणालास आणि मी खुळी हरखले. दीड महिना एका बोटाने टाइप करून एकवीस पुस्तकं निवडली, प्रत्येकाखाली ते का वाचावं ते लिहिलं. त्यावर लाल पेन फिरवून तू ती परत पाठवलीस.

नऊ पुस्तकं खोडलीस. आंधळ्या गिरणी कामगाराने सांगितलेली संपाची कहाणी गेली. कर्णबधिर मुलांच्या नाटकमंडळीचं पुस्तक राहिलं, पण त्या मुलांनी नाट्यगृहाच्या दारात धरणं धरलं होतं ही ओळ गेली. महारोग्यांच्या वसाहतीतल्या बायकांच्या ओव्यांपुढे तू 'उद्घाटनाच्या दिवशी नको' असं लिहिलंस. त्या कोणत्या दिवशी चालतील तेही लिहायचं होतंस. बदल्यात सहा पुस्तकं घुसडलीस. सगळी एकाच साच्याची, हात नसलेला माणूस, पाय नसलेला माणूस, आणि शेवटी प्रत्येकाची मोठी गाडी. वर जिथे मी 'अपंग' लिहिलं तिथे तू 'दिव्यांग' केलंस. माझ्यात दिव्य काय आहे ते मला एकदा येऊन दाखव.

हे सगळं मी एक वेळ गिळलं असतं. पण पहिल्या नोंदीला हात लावायला नको होतास. पहिली नोंद आपल्या बाबांच्या गाण्यांच्या वहीची आहे. मी लिहिलं होतं की जमिनीच्या आंदोलनात ही गाणी रचणाऱ्या काशिरामबाबांचा एक पाय लाठीमारानंतर गुडघ्याखाली कापावा लागला होता, आणि पुढचे सगळे मोर्चे त्यांनी खुर्चीत बसून गाजवले. त्यातलं फक्त 'गाणी रचणारे काशिरामबाबा' एवढंच तू ठेवलंस.

आता कान देऊन ऐक. वाचनालयात ग्रंथपालाच्या टेबलामागे भिंतीवर बाबांचा जो फोटो आहे, जो प्रत्येक स्मरणिकेवर छापतोस, त्यात बाबा मंचावर उभे असल्यासारखे दिसतात. गेल्या महिन्यात दयारामकाका आले होते. त्यांच्या मालूकाकी गेल्यावर ट्रंकेत त्यांना त्याच फोटोची लहान प्रत सापडली, पूर्ण. त्यात मंच बिंच काही नाही. बाबा खुर्चीत बसलेत, खुर्ची बांबूंना बांधली आहे, आणि चार बायकांनी ती खांद्यावर घेतली आहे. गावातले पुरुष तेव्हा अटकेत होते ना. भिंतीवरच्या फोटोत बाबांच्या कमरेखाली कातरी चालली आहे. पाय गेला, खुर्ची गेली आणि त्या चौघी डोक्यासकट गेल्या. तो फोटो तू लावलास, म्हणजे कापलाही तूच असणार. आणि आता यादीतूनही तेच कापतो आहेस.

यादी जशीच्या तशी लागेल, नाहीतर लागणार नाही. या पत्राच्या प्रती मंडळाच्या बाकीच्या आठही सदस्यांना पाठवल्या आहेत.

वहिनीस नमस्कार. तुझ्यावर लोभ आहेच, सध्या तो दिसत नाही इतकंच.
किशोरी


पनवेल,
१७ जानेवारी २०२६

कु. किशोरी काशिराम यांस,
स. न. वि. वि.

आपलं पत्र मंडळाला प्राप्त झालं. वाचनालय ही सार्वजनिक संस्था असून यादीत बदल करण्याचा अधिकार मंडळाला आहे. वाचनालयात रोज साठ मुलं येतात, ती स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करायला. संपवाल्यांच्या कहाण्या वाचून त्यांच्यातला एकही तलाठी होणार नाही. उद्घाटनाला जे पाहुणे येणार आहेत त्यांच्या स्वागताला दारातच धरणं आणि मोर्चा नको, असं बहुमत आहे.

हे झालं अध्यक्ष म्हणून. आता भाऊ म्हणून सांगतो. तू आठ जणांना प्रती पाठवल्यास. विनायकने आपली प्रत सभेत मोठ्याने वाचली, तुझी नक्कल करत. मी त्याला बाहेर काढलं, पण बाकीचे आधीच हसून मोकळे झाले होते. घरातली भांडणं चावडीवर नेऊन तुला काय मिळालं ते तूच सांग. तुझी ही यादी त्यातल्या पाच जणांनी वाचलेलीही नाही, त्यांना फक्त आपल्या दोघांची मजा बघायची आहे.

तू वाचनालयाच्या कारभारावर बोलतेस, पण त्या वाचनालयात एकदा तरी पाऊल टाकलं आहेस का? घरी बसून पुस्तकं मागवायची आणि घरी बसूनच आम्हाला शहाणपण शिकवायचं. बाबांच्या नावाने ते चालवताना काय काय करावं लागतं, कुणाकुणापुढे मान तुकवावी लागते, ते तुला या जन्मात कळणार नाही.

फोटोबद्दल विचारलंस. तो कापलेला आहे हे मला माहीत आहे. त्यावर मी काही बोलणार नाही आणि तूही बोलू नकोस.

पंधरा फेब्रुवारीपर्यंत सुधारलेली यादी न आल्यास मंडळ कॉलेजच्या प्राध्यापकांकडून दुसरी करून घेईल.

कळावे. लोभाचं नंतर बघू.
हरेश
(अध्यक्ष)


सुकापूर,
२२ जानेवारी

ति. अध्यक्षमहाराजांस,
किशोरीचा कोपरापासून नमस्कार.

मी वाचनालयात पाऊल टाकलेलं नाही, खरं आहे. माझ्या पावलांना बावीस पायऱ्या चढता येत नाहीत आणि तुझ्या नव्या दालनालाही त्याच बावीस पायऱ्या आहेत. तळमजल्यावर हॉल आहे, पण तो हळदीला लागतो. एप्रिल-मे महिन्यांत तिथे डीजे लावून लोक नाचतात, बाकी दहा महिने कुलूप. अपंगत्वावरच्या पुस्तकांचं दालन अपंगाला चढता येणार नाही अशा जागी काढायचं आणि वर मलाच विचारायचं की कधी आलीस का, याला जबर छाती लागते. ती तुझ्याकडे पहिल्यापासून आहे.

विनायकने नक्कल केली, करू दे. शाळेत जाणाऱ्या सगळ्या पोरांनी माझी नक्कल केली आहे, मला शाळेत न घेताच.

फोटोबद्दल बोलू नकोस म्हणालास, म्हणून बोलते. यादी मी बदलली आहे. पहिल्या नोंदीत एक वाक्य वाढवलं आहे: 'हा फोटो त्यांच्या मुलाने कापला.' मंडळाने छापलं नाही तर मी छापीन आणि सत्तावीस तारखेला फाटकाशी खुर्ची लावून प्रत्येकाच्या हातात देईन. त्या चौघींपैकी आता फक्त सोनाआत्या उरली आहे. तिलाही लिहिलं आहे, तिची साक्ष मागितली आहे.

बाबा आयुष्यभर जमिनी घेणाऱ्यांशी भांडले. त्यांच्या पोटी तू जन्मलास आणि त्याच जमिनींवर इमारती बांधल्यास. एक पाय लपवणं तुला काय जड जाणार.

आशीर्वाद नकोत. उत्तर दिलंस तरी चालेल.
किशोरी


उरण,
२९ जानेवारी

चि. किशोरीस सोनाआत्याचा अनेक उत्तम आशीर्वाद.

(ताई, मी समृद्धी, सासूबाईंची धाकटी सून. त्या बोलतात तसंच लिहायचं, सुधारायचं नाही, असं त्यांनी बजावलं आहे.)

तुजं पत्र समृद्धीनं वाचून दावलं. दोनदा वाचाया लावलं. बाय, तुना राग आयलाय, तो मना पन होता, पन तू चुकीच्या मानसावर काढतेस.

त्यो फोटू हरेसनं नाय कापला. त्यो कापला माज्या भावानं. तुज्या बापानं. माज्याच घरात, माज्याच कातरीनं, त्या कातरीनं मी चोल्या बेतायची. पनवेलच्या फोटूवाल्यानं मोठा करून आनला होता, वाचनालय उघराचं होतं म्हनून. हरेस पंदरा वर्सांचा असंल. त्यो कागद सरल धरून उभा होता आनि रडत होता. मी इचारलं, कनाला कापतोस, तर माजा भाव कापतच रायला.

त्या फोटूत खाली मी हाय. म्होरं उजव्या अंगाला. डाव्या अंगाला मालू, मागं हिरू आनि बामी. पुरुस आत होते, त्याला उचलनार कोन? आमी उचलला. सहा कोस. वाटंत त्यो गानी सांगायचा आनि आमी धवल्याच्या चालीवर म्हनायच्या, लग्नात म्हनतात तसंच. बोल त्याचे, चाल आमची. खांद्यावर वल उठले होते ते आजून हायत. आनि त्यानं आमचीच डोकी कापली. मी वरसभर त्याच्याशी बोलली नाय. भाऊबीजेला ताट केलं, पन तोंड फिरवून ओवाललं.

त्यानं असं का केलं ते मना ठाव नाय. हरेसला ठाव हाय. त्याला इचार, पन नीट इचार. तुजा भाव वाईट नाय, तोंडाचा फाटका हाय. तू पन काय कमी नाय.

यादीत माजं नाव घाल. मालूचं, हिरूचं, बामीचं घाल. आमाला वाचता येत नाय म्हनून काय झालं.

सुकट धाडलीय. पोरीबालींना सांभाल, असं लिवतात पत्रात, पन तुना पोरं नाय तर सोताला सांभाल.
सोनाबाई


सुकापूर,
२ फेब्रुवारी

दादास,

मायना लिहायला बसले आणि काय लिहावं कळेना, म्हणून नुसतंच दादास.

आत्याचं पत्र आलं. मी तुला चोर ठरवलं, आठ जणांपुढे ठरवलं. त्याची माफी मागते. ती आठही जणांना कळवली आहे, कारण शिवी चारचौघांत देऊन माफी एकांतात मागणं मला पटत नाही.

पण मला तुझा राग अजूनही आहे आणि आता तो वेगळा आहे. तू गप्प का बसलास? मी तुला वाट्टेल ते बोलले, बाबांच्या पोटी असा कसा जन्मलास म्हणाले, आणि तू अध्यक्षाच्या लेटरहेडवर उत्तरं देत राहिलास. एका ओळीत मला गप्प करता आलं असतं.

एकच विचारायचं आहे आणि ते विचारायला मला दोन दिवस लागले. बाबांना स्वतःच्या पायाची लाज वाटत होती का? मला वाटायचं घरात निदान एक माणूस माझ्यासारखा आहे. ते कुबडी टेकून माझ्या शेजारी बसायचे आणि आम्ही दोघं बाकीच्यांच्या धावपळीला हसायचो. ज्या माणसाला आपली खुर्ची फोटोतसुद्धा नको होती, त्याला माझी खुर्ची घरात कशी चालली? चालली का, की मलाही तो तसाच कुठून तरी कापत होता?

खरं सांग. गोड बोललास तर मला ओळखता येतं.

तुझी,
किशोरी


पनवेल,
६ फेब्रुवारी

चि. किशोरीस,
अनेक आशीर्वाद, नको म्हणालीस तरी.

आत्याला सांगितलं होतं की तोंड उघडू नकोस. तिने कधी कुणाचं ऐकलं आहे.

तू सहा वर्षांची होतीस. जूनमध्ये तुला शाळेत घालायला बाबा आणि मी गेलो. बाबा कुबडीवर, तू माझ्या पाठीवर. तिथल्या गुरुजींनी आधी तुझ्याकडे बघितलं, मग बाबांच्या पायाकडे, आणि विचारलं की हे तुमच्या घराण्यातच आहे का. बाबांनी सांगितलं की पाय लाठीने गेला, पोरीचं जन्मापासून आहे, दोन्हींचा संबंध नाही. गुरुजी हसले. तुला घेतलं नाही. बाहेर पडलो तर नळावर बायका बोलतच होत्या की बापाचं पोरीवर उतरलं, सरकारशी वैर घेतलं त्याची फळं. गावात हे आधीपासून चाललं होतं. आम्ही तुझ्या कानावर येऊ दिलं नाही.

पुढे दिवाळीच्या सुमारास तो मोठा फोटो आला. बाबा बराच वेळ बघत बसले. मग म्हणाले, हा उद्या भिंतीवर लागणार, सगळं गाव रोज बघणार आणि रोज तेच बोलणार. तिला आणखी एकदा शाळेत न्यायचं आहे. लोकांना माझा पाय दिसला नाही तर कदाचित विसरतील. आणि कातरी मागितली. मी कागद धरला. घरी येताना मला शपथ घातली की किशोरीला हे कधी कळू द्यायचं नाही, नाहीतर तिला वाटेल की आपल्यापायी बापाने स्वतःला कापून घेतलं.

तेव्हा तू विचारतेस त्याचं उत्तर असं. लाज वाटली, होय. तुझी नव्हे. आपल्यामुळे पोरीला बोल लागतो याची वाटली. दुसऱ्या वर्षी शाळेने पुन्हा नाही म्हटलं, म्हणजे तेही फुकट गेलं. त्यानंतर त्यांनी तुला घरीच शिकवलं, हे तुला माहीत आहे.

यादीतली पहिली नोंद मी त्यासाठी छाटली. तू पाय लिहिलास की कुणीतरी फोटोकडे बोट दाखवणार, मग तू शोधणार, मग सापडणार. ती नऊ पुस्तकं मंडळासाठी खोडली, त्याची लाज मला थोडी आहे, फार नाही.

आता माझं ऐक. 'मुलाने कापला' हे वाक्य आहे तसं ठेव आणि छाप. पस्तीस वर्षं मी ते सांभाळलं आहे, पुढेही मला जड नाही. लोक मला बिल्डर म्हणून आधीच शिव्या घालतात, त्यात एकीची भर. पण बाबांचं नाव त्यात घालू नकोस. त्यांच्याकडे बघून आजही माणसं ताठ उभी राहतात.

वहिनी तुझी आठवण काढते. ममता असू दे, नसली तरी पत्र असू दे.
हरेश


सुकापूर,
११ फेब्रुवारी

ति. दादास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र दोन दिवस मी पुन्हा पुन्हा वाचत राहिले. तिसऱ्या दिवशी आधी तुझ्यावर चिडले, मग बाबांवर. गेलेल्या माणसावर चिडणं फार त्रासाचं असतं, तो समोर येत नाही.

माझ्यासाठी केलं, हे मी जन्मभर ऐकते आहे. माझ्यासाठी मला लग्नांना नेलं नाही, लोक बघतील म्हणून. माझ्यासाठी तू माझी वाक्यं पुरी करतोस. आणि आता कळलं की माझ्यासाठी बाबांनी फोटोतून चार बायकांची डोकी उडवली आणि एका पंधरा वर्षांच्या पोराला शपथ घातली. मला कुणी एका शब्दाने विचारलं नाही. विचारलं असतं तर सहा वर्षांची मीही सांगितलं असतं की गुरुजीला कापा.

तुझं नाव मी लिहिणार नाही. लिहिलं की तू मोठा होशील, बाबा मोठेच राहतील, आणि तो गुरुजी आणि ते नळावरचं गाव कुठेच सापडणार नाही. मोर्चात ताठ बसलेला माणूस गावच्या बोलण्याला भ्यायला, हे वाचून ज्याला ताठ उभं राहता येणार नाही त्याने बसून वाचावं.

पहिली नोंद मी पुन्हा लिहिली आहे. मंडळापुढे ठेव. तू अध्यक्ष आहेस, मत दे, कसंही दे.

'१. काशिरामबाबांची गाण्यांची वही. जमिनीच्या आंदोलनातली ही गाणी. शब्द त्यांचे, चाल सोनाबाई, मालू, हिरू आणि बामी यांची. पाय गेल्यावर या चौघींनी त्यांना खुर्चीसकट खांद्यावर घेऊन मोर्चा नेला. त्या मोर्चाचा फोटो वाचनालयात आहे. त्यातला खालचा भाग बाबांनी स्वतः कापला, कारण त्यांच्या सहा वर्षांच्या मुलीला शाळा घेत नव्हती आणि गाव म्हणत होतं की बापाचं पोरीवर उतरलं. ती त्यांची चूक होती. ही यादी त्या मुलीने केली आहे.'

एक शब्द बदलला तर एकवीसच्या एकवीस परत कर.

तुझी माया कमी होईल, मला माहीत आहे. परत वाढेपर्यंत मी वाट बघीन.
किशोरी


पनवेल,
२८ फेब्रुवारी

चि. किशोरीस,
अनेक आशीर्वाद.

तू आली नाहीस ते बरं केलंस. फाटकाशी बसलीस तर काय करायचं, या धास्तीने मंडळाने दोन माणसं उभी केली होती. त्यांना दिवसभर काही काम लागलं नाही.

तुझी यादी सोळा तारखेच्या सभेत आली. पूर्ण वाचली, मीच वाचली. विनायकने ठराव मांडला की संस्थापकांची बदनामी करणारा मजकूर संस्थेच्या भिंतीवर लावू नये. नऊ जणांत पाच विरुद्ध चार. यादी नामंजूर. चौघांत मी होतो. दारावर प्राध्यापकांची यादी लागली आहे. मोठ्या गाड्यांची सगळी पुस्तकं तीत आहेत. तुझ्या यादीची प्रत मी परत करत नाही, माझ्याकडे ठेवतो. ती एकवीस पुस्तकं मागवली आहेत, घरच्या पत्त्यावर.

तुझा माझ्यावरचा राग रास्त आहे आणि माझाही तुझ्यावर आहे. बाबांबद्दल तू जे लिहिलंस ते मला अजून पटलेलं नाही. त्या कागदाचं एक टोक मी धरलं होतं, तू नव्हतीस.

यादी मंडळाची होती, फोटो आपल्या घरचा आहे. तो मी सव्वीसला दुपारी उतरवून आणला. काल पाहुणे आले, भाषणं झाली, आणि टेबलाच्या वर भिंतीवर एक पांढरा चौकोन दिसत राहिला. पाहुण्यांनी सगळ्यांदेखत विचारलं की काशिरामबाबांचा फोटो कुठे गेला. विनायक माझ्याकडे बघायला लागला. मी सांगितलं की तो अर्धाच होता.

जमेल तेव्हा लिही, आणि लिहिताना माझी गय करू नकोस.
तुझा दादा,
हरेश